मंचकावरचा राजा : छत्रपती राजाराम महाराज

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक आपल्याला शाळेपासून पाठ असतो. संभाजीराजांचे बलिदान आठवले की आजही मन गलबलून येते. त्यानंतर पुस्तकाची थोडी पाने उलटली की एकदम बाजीराव पेशव्यांच्या घोड्यांच्या टापा नर्मदेपलीकडे ऐकू येऊ लागतात. या दोहोंच्या मध्ये फेब्रुवारी १६८९ ते मार्च १७०० असा अकरा वर्षांचा एक काळ आहे. त्या काळात मराठ्यांचा राजा कोण होता, असे कुणी अचानक विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना क्षणभर थांबून आठवावे लागेल. परीक्षेतसुद्धा त्या राजाच्या वाट्याला बहुधा 'टीपा लिहा' एवढाच मान येतो!

तो राजा म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज. इतिहासाच्या ग्रंथांतही त्यांच्याविषयी फारशा कौतुकाने लिहिलेले आढळत नाही. ते सौम्य होते, लाजाळू होते, मंत्र्यांच्या ओंजळीने पाणी पीत होते, असे शेरे त्यांच्यावर मारलेले दिसतात. या शेऱ्यांत थोडेबहुत तथ्य असेलही. परंतु मग एक प्रश्न उरतोच. ज्याला राज्याची हाव नव्हती, ज्याच्या हाती ना खजिना होता ना राजधानी, अशा तरुणाच्या नावाने मराठ्यांनी औरंगजेब बादशहाशी अकरा वर्षे झुंज कशी दिली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा, आणि त्या उत्तरासाठी महाराष्ट्राला कोणती किंमत मोजावी लागली हे पाहण्याचा, हा एक अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक शब्द समजून घेऊ या. तो शब्द म्हणजे 'मंचकारोहण'. राज्याभिषेक म्हणजे मंत्रोच्चार, अभिषेक, सिंहासन, छत्रचामरे असा सारा विधी. तो शिवाजी महाराजांचा ६ जून १६७४ रोजी झाला, संभाजीराजांचा १६ जानेवारी १६८१ रोजी झाला. मंचकारोहण ही त्या मानाने साधी गोष्ट. गादी मोकळी राहू नये, कारभार थांबू नये म्हणून वारसाला मंचकावर बसवायचे आणि त्याच्या नावाने हुकूम सोडायचे. राजाराम महाराज रायगडावर असे दोनदा मंचकावर बसले. पहिल्या खेपेस ते दहा वर्षांचे होते आणि दुसऱ्या खेपेस एकोणीस वर्षांचे. दोन्ही खेपांना त्यांना बसवले ते इतरांनी!

त्यांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा. १६८० च्या मार्च महिन्यात रायगडावर त्यांची मुंज झाली आणि लगोलग सेनापती प्रतापराव गुजरांची कन्या जानकीबाई हिच्याशी त्यांचे लग्न झाले. घरातील मंगलकार्याची तोरणे सुकली नसतील तोच ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांनी देह ठेवला. थोरले पुत्र संभाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावर होते. मातोश्री सोयराबाई, अण्णाजी दत्तो आणि आणखी काही प्रधान यांनी ही संधी साधली आणि २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामाला मंचकावर बसवले. या वयाचे मूल काय जाणणार? आई सांगते म्हणून बसायचे आणि मोठी माणसे मुजरा करतात म्हणून गप्प राहायचे, एवढेच त्याच्या हाती होते.

पण या डावात एक मोहरा फिरला. सरनोबत हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. भाच्याच्या बाजूने उभे राहावे, असेच कुणीही म्हणाले असते. परंतु हंबीररावांनी थोरल्या पुत्राचा हक्क मानला आणि फौज संभाजीराजांच्या पाठीशी उभी केली. जून महिन्यात संभाजीराजे रायगडावर आले आणि राजारामांचे दोन महिन्यांचे 'राज्य' संपले. पुढच्याच वर्षी, १६८१ मध्ये, संभाजीराजांविरुद्ध पुन्हा एक कट उघडकीस आला. त्यात अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. त्याच वर्षी सोयराबाईही गेल्या. म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत या मुलाने वडील गमावले, आई गमावली, आणि आपल्या नावासाठी जाणत्या माणसांचे प्राण गेलेले पाहिले. राज्य या शब्दाची त्याला झालेली ही पहिली ओळख!

त्यानंतरची आठ वर्षे ते रायगडावरच होते. त्यांच्यावर नजर होती, पण थोरल्या भावाने त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. ज्या औरंगजेबाशी मराठ्यांची झुंज चालली होती, त्याने स्वतः भावांचे काय केले हे आपण जाणतोच. याच काळात मामा हंबीररावांची कन्या ताराबाई हिच्याशी राजारामांचे लग्न झाले. हीच पुढची महाराणी ताराबाई.

आता १६८९ साल उजाडले. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवले होते. दक्षिणेत त्याच्या वाटेत आता मराठ्यांशिवाय कुणी उरले नव्हते. फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले. रायगडावर ही बातमी येऊन थडकली तेव्हा गडावर कोण कोण होते? महाराणी येसूबाई, त्यांचा सात वर्षांचा पुत्र शाहू आणि एकोणिसाव्या वर्षात असलेला दीर राजाराम. ज्या दिराच्या नावाने आपल्या पतीविरुद्ध दोनदा कट शिजला, त्याच दिराविषयी येसूबाईंना निर्णय घ्यायचा होता.

रीतीप्रमाणे हक्क शाहूचा होता. येसूबाईंनी हट्ट धरला असता तर त्यांना कोण दोष देणार होते? परंतु त्यांनी राजारामांना मंचकावर बसवायला संमती दिली. ११ मार्चला संभाजीराजांची हत्या झाली. त्याच महिन्यात इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला. सगळे राजकुल एका गडावर कोंडले गेले तर एका घावात सारे संपेल, हे ओळखून येसूबाईंनीच राजारामांनी गडाबाहेर पडावे असा आग्रह धरला. आपण मात्र मुलासह मागे राहिल्या. ५ एप्रिल १६८९ रोजी राजारामांनी रायगड सोडला. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि शाहू बादशहाच्या कैदेत गेले. आपण ज्याला राजाराम महाराजांची कारकीर्द म्हणतो, तिचा पाया एका विधवेने स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून घातला आहे, हे विसरून चालणार नाही.

रायगडाहून ते प्रतापगडावर, तेथून पन्हाळ्यावर गेले. पन्हाळाही सुरक्षित राहिला नाही, तेव्हा दक्षिणेत जिंजीला जायचे ठरले. जिंजीच का? कारण १६७७ च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराजांनी हा किल्ला जिंकला होता आणि त्याची मजबुती करून ठेवली होती. आजच्या तमिळनाडूतील विलुपुरम जिल्ह्यात तीन टेकड्यांना कवेत घेऊन हा किल्ला उभा आहे. महाराष्ट्रात घर पेटले तर आसऱ्याला एक दूरची ओसरी असावी, अशी ती थोरल्या महाराजांची तरतूद. बारा वर्षांनी ती मुलाच्या कामी आली.

हा शेकडो कोसांचा प्रवास म्हणजे एखादी अद्भुत कथाच आहे. लिंगायत यात्रेकरूंचा वेश, मोगलांच्या चौक्या, भरलेल्या नद्या. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी बादशहाच्या रोषाची पर्वा न करता त्यांना आपल्या मुलुखातून सुखरूप पुढे जाऊ दिले, आणि त्याबद्दल मोगल फौजेची स्वारी स्वतःवर ओढवून घेतली. बंगळूरला मुक्काम असताना नोकर एका यात्रेकरूचे पाय अदबीने धूत आहेत हे पाहून लोकांना संशय आला, अशी हकीकत आहे. तेव्हा राजाराम दुसऱ्या वाटेने निसटले आणि मागे राहिलेल्या सोबत्यांनी मार खाल्ला, पण तोंड उघडले नाही.

या सोबत्यांत एक नाव होते खंडो बल्लाळ. हा खंडो बल्लाळ म्हणजे बाळाजी आवजी चिटणिसांचा मुलगा. बाळाजी आवजींना कोणत्या आरोपावरून देहदंड झाला, ते वर आलेच आहे. ज्या राज्याने बापाचा जीव घेतला त्या राज्यासाठी मुलाने जिवावर उदार व्हावे, याला काय म्हणावे? आपल्या इतिहासात फितुरीच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी खंडो बल्लाळांसारख्यांच्या कथाही ठेवायला हव्यात.

जिंजीला पोचल्यावर तरी सुख होते काय? तिथला कारभार पाहणारे हरजी महाडीक हे शिवाजी महाराजांचे जावई. ते नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजारामांच्या बहीणच, किल्ल्याचा ताबा द्यायला आधी राजी नव्हत्या असे इतिहासकार सांगतात. अखेर किल्ल्यातील लोकांचा कल पाहून त्यांनी दार उघडले. पाठीमागे बादशहाची फौज आणि पुढे घरच्याच माणसाचे बंद दार! राजाराम महाराजांच्या आयुष्यात युद्ध आणि भाऊबंदकी ही अशी हातात हात घालून चाललेली दिसतात.

त्या वेळी आपल्या या मुंबईत काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. आज आपण ज्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला राहतो तो सारा भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. मराठ्यांनी साष्टी घेतली ती १७३७ मध्ये. मुंबई बेट इंग्रजांकडे होते. राजारामांनी रायगड सोडला त्याच एप्रिल महिन्यात बादशहाच्या वतीने सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि त्याने इंग्रजांना मुंबईच्या किल्ल्यात कोंडून धरले. अखेर इंग्रजांनी दीड लाख रुपये दंड भरून बादशहाची माफी मागितली, तेव्हा कुठे जून १६९० मध्ये सिद्दी हलला. ज्या इंग्रजांनी पुढे साऱ्या हिंदुस्थानावर राज्य केले, त्यांची त्या वर्षी ही अवस्था होती. आणि त्याच बादशहापुढे मान न तुकवता एक विशी न गाठलेला तरुण परमुलुखातील किल्ल्यावर आपला दरबार मांडत होता!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राजाराम महाराजांनी राज्य चालवले कसे? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे आहे की, त्यांनी ते एकट्याने चालवण्याचा हट्ट धरला नाही. महाराष्ट्राचा कारभार त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला आणि त्यांना 'हुकूमतपन्हा' असा किताब दिला. राजा जिंजीला आणि हुकूम विशाळगडाहून सुटत आहेत, अशी ही व्यवस्था होती. रामचंद्रपंतांच्या जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक होते. या परशुरामपंतांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला. जिंजीला प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवे पद निर्माण झाले. रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ही जोडी होती. शिवाजी महाराजांच्या वेळी सारी सूत्रे एका हाती होती. आता सूत्रे अनेक हातांत गेली, आणि त्यामुळेच औरंगजेबाची पंचाईत झाली. राजधानी घेतली, राजा मारला, वारस कैद केला, तरी हे राज्य संपत नाही, कारण ते आता एका जागी उरलेच नाही!

१६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला. हा झुल्फिकारखान म्हणजे रायगड घेणारा तो इतिकादखानच. रायगडाच्या विजयाबद्दल त्याला हा नवा किताब मिळाला होता. वेढा एकूण आठ वर्षे रेंगाळला. बादशहाचा धाकटा मुलगा कामबक्ष आणि वजीर आसदखान तिथे आले. पुढे कामबक्षाने राजारामांशी आतून बोलणे लावले आणि आसदखान व झुल्फिकारखान यांनी त्यालाच कैद केले. कारस्थाने काही एकट्या मराठ्यांच्याच घरी नव्हती, हे यावरून दिसून येईल. १६९२ च्या डिसेंबरात संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडले. १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची दाणादाण उडवली. उंदराला मांजर खेळवते असे म्हणतात. इथे उंदीरच मांजराला देशभर फिरवत होता.

परंतु फौज पोटावर चालते, आणि खजिन्यात खडखडाट होता. १६९० मध्ये कडलूरजवळच्या तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांनी इंग्रजांना विकला. किल्ल्याबरोबर आसपासचा मुलूखही द्यायचा होता. तो किती, तर किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची गावे! या किल्ल्याचे नाव इंग्रजांनी फोर्ट सेंट डेव्हिड असे ठेवले. शिवाजी महाराजांनी किल्ले बांधले आणि त्यांच्या मुलाला किल्ला विकावा लागला. कुणी याला नादानी म्हणेल, मी नाइलाज म्हणेन.

किल्ला विकण्यापेक्षाही दूरगामी ठरली ती वतनांची गोष्ट. शिवाजी महाराजांचे धोरण असे की, चाकरीचा मोबदला शक्यतो रोख द्यावा आणि वंशपरंपरा वतने देऊ नयेत. वतन दिले की माणूस राज्याचा राहत नाही, जमिनीचा होतो. पण आता रोख आणायची कोठून? शिवाय औरंगजेब मनसबी आणि जहागिऱ्या वाटून मराठे सरदारांना फोडत होता. तेव्हा रामचंद्रपंतांना आणि राजाराम महाराजांना वतनांच्या आणि सरंजामांच्या सनदा द्याव्याच लागल्या. बहुतेक मुलूख तर मोगलांच्या ताब्यात. म्हणजे सनदेचा अर्थ असा की, तुम्ही जिंका आणि तुम्हीच खा. १६९१ मध्ये हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना दिलेल्या आश्वासनात सहा लक्ष होनांची बात आहे. त्यातील काही रायगड प्रांत घेतल्यावर, काही विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर आणि निम्मी रक्कम दिल्ली जिंकल्यावर! राजा वेढ्यात सापडलेला, आणि बोली मात्र दिल्लीची.

याला पोकळ वल्गना म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. याच जिंजीच्या मुक्कामात राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदांनी शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. तीच प्रसिद्ध सभासद बखर. तीत राजाराम महाराज जन्माला आले ते पालथे आले आणि तेव्हा शिवाजी महाराजांनी हा दिल्लीची पातशाही पालथी घालील असे भाकीत केले, अशा अर्थाची कथा आहे. ही कथा खरी की रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. ती कुठे आणि केव्हा लिहिली गेली, हे महत्त्वाचे आहे. राजधानी गेलेली, मुलूख गेलेला, अशा वेळी माणसांना देण्यासारखे राजाजवळ दोनच ऐवज उरले होते. एक वडिलांची आठवण आणि दुसरे उद्याचे वचन. त्याने दोन्ही दिले.

वतन म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी घरी कळले. आमचे मूळ गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबा घाटकोपरला आले आणि इथलेच झाले. गावी अर्धा एकर बरड रान आहे, त्यातही चार भावांचा वाटा. त्या रानावर दोन पोती बाजरी धड पिकत नाही. पण त्या वाटणीवरून आमच्या घरात एक लग्न मोडले आहे आणि दोन सख्ख्या भावांनी मरेपर्यंत एकमेकांचे तोंड पाहिले नाही. आजोबा एरवी शांत. 'गावचं रान' हा शब्द निघाला की त्यांचा आवाज बदलतो. अर्ध्या एकरासाठी जर ही गत, तर अख्ख्या परगण्याच्या सनदेसाठी माणूस काय करणार नाही?

आमच्या त्याच मुलुखात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेत, १६९७ च्या जूनमध्ये संताजी घोरपड्यांचा खून झाला. मोगलांचे बडे बडे सरदार ज्याच्या नावाने कापत होते, तो सेनापती मोगलांच्या हातून मेला नाही. संताजी शिस्तीचे कडक आणि जिभेचे तिखट. धनाजींशी त्यांचे बिनसले होते आणि राजाराम महाराजांशीही खटके उडाले होते. १६९६ मध्ये महाराजांनी त्यांचे सेनापतिपद काढून ते धनाजींना दिले. पुढे फौज फुटली. ज्यांच्या मेहुण्याला संताजींनी ठार केले होते, त्या म्हसवडच्या नागोजी मान्यांनी सूड उगवला आणि त्यांचे शिर बादशहाकडे गेले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत मोठा डाग आहे, असे मला वाटते. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या स्वभावाने त्यांनी माणसे जोडली, पण दोन मोठी माणसे समोरासमोर उभी ठाकली तेव्हा त्यांच्यामध्ये उभे राहून दोघांनाही दटावण्याचा करारीपणा त्या स्वभावात नव्हता. सौम्यपणालाही मर्यादा असतात, त्या इथे दिसतात.

मग त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे काय? सर्वांत मोठी गोष्ट ही की, हे राज्य आपले नाही याचा त्यांना विसर पडला नाही. राज्याचा खरा धनी शाहू आहे, देवाच्या कृपेने तो एक दिवस परत येईल आणि आपण जे करतो ते त्याच्यासाठीच, अशा आशयाचे त्यांचे शंकराजी नारायणांना लिहिलेले पत्र इतिहासकारांनी पुढे आणले आहे. पुतण्या बादशहाच्या छावणीत कैद, तो जिवंत सुटण्याची आशा नाही, स्वतःला १६९६ मध्ये पुत्र झालेला, अशा वेळी दुसऱ्या कुणी काय केले असते? मंचकावर बसूनही मंचक दुसऱ्याचा आहे असे मानणारे राजे जगाच्या इतिहासात विरळाच.

१६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीतून निसटले. यात मोगलांच्या छावणीतील शिर्के मंडळींची मदत झाली. हे शिर्के येसूबाईंच्या माहेरचे, पण संभाजीराजांशी वितुष्ट येऊन मोगलांना मिळालेले. त्यांचे मन वळवण्यासाठी खंडो बल्लाळांनी दाभोळचे आपले वतन सोडून दिले, असे बखरीत म्हटले आहे. साऱ्या मुलुखात माणसे वतनासाठी राज्य सोडत असताना एका माणसाने राज्यासाठी वतन सोडले! १६९८ च्या आरंभी झुल्फिकारखानाने जिंजी घेतली तेव्हा आठ वर्षे ज्याच्यासाठी वेढा घातला तो पक्षी उडून गेला होता.

महाराष्ट्रात परतल्यावर साताऱ्याला राजधानी झाली. औरंगजेब स्वतः साताऱ्यावर चालून आला. पण एवढ्या धावपळीने महाराजांची प्रकृती ढासळली होती. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर त्यांनी देह ठेवला. वय अवघे तीस! सिंहगडावर आपण सहलीला जातो, दही आणि भजी खातो, तानाजींच्या स्मारकाला हात जोडतो. त्याच गडावर राजाराम महाराजांची समाधी आहे. तिच्यापाशीही दोन मिनिटे थांबायला हरकत नाही.

त्यांच्या मागे ताराबाईंनी लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि शाहूची सुटका झाली. आता तो खरा धनी परत आला होता. परंतु ताराबाईंचे म्हणणे असे की, थोरल्या महाराजांचे राज्य गेले, हे आहे ते माझ्या पतीने नव्याने मिळवलेले. त्यांच्याही म्हणण्यात जोर होता. अखेर खेडला लढाई झाली, १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले, त्यात वतनदारांपासून सावध राहण्याचा उपदेश आहे. ज्या हाताने निरुपायाने सनदा लिहिल्या, त्याच हाताने तो इशारा लिहिला. आपत्काळातला उपाय पुढे सवय झाला आणि मराठ्यांचे राज्य सरदारांच्या संस्थानांत वाटले गेले. राज्य तगले, पण ते पूर्वीचे राहिले नाही. हीच ती किंमत.

राजाराम महाराजांचे मूल्यमापन करताना आपण नेहमी त्यांना त्यांच्या वडिलांच्या शेजारी उभे करतो. त्या मापाने मोजले तर जगातील बहुतेक राजे खुजे ठरतील. मला वाटते, त्यांना त्यांच्या वयाच्या आणि त्यांच्या प्रसंगाच्या मापाने मोजावे. मी स्वतः एकोणीस वर्षांची आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे चाळीत कुणाचा बँकेचा अर्ज असो, कुणाचे रेशनकार्ड असो की कुणाला आलेली नोटीस असो, तो कागद माझ्यापुढे येतो. 'तू शिकलेली ना गं? सांग काय करायचं!' हे पद मी मागितलेले नसते आणि मला सगळे कळते असेही नाही. पण समोरचा माणूस आशेने पाहत असतो, तिथे मला येत नाही म्हणून उठून जाता येत नाही. मग ज्याला येते त्याला विचारायचे, त्याच्याकडून करून घ्यायचे आणि काम पार पाडायचे. कुठे शिवछत्रपतींचा पुत्र आणि कुठे घाटकोपरच्या चाळीतली मुलगी! तुलनेचा हेतू नाही. परंतु जाणत्या माणसाचा सल्ला घेणे म्हणजे दुबळेपणा, असे जे आपण पटकन म्हणून टाकतो, ते मला पटत नाही, ते यामुळेच.

जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. रायगड, प्रतापगड, पन्हाळा आणि जिंजी ही चारही नावे त्या यादीत आहेत. बोटाने नकाशावर ही चार ठिकाणे जोडली तर जी रेघ तयार होते, ती एका एकोणीस वर्षांच्या राजाची वाट आहे. तो पळत होता हे खरे. पण तो जिवंत राहिला म्हणून मराठ्यांचे राज्य जिवंत राहिले.

इतिहास बहुधा राज्य मिळवणाऱ्यांना लक्षात ठेवतो. दुसऱ्याची ठेव म्हणून राज्य सांभाळणाऱ्यांसाठीही त्याने चार ओळी अधिक लिहायला हव्यात. परीक्षेत टीप चार गुणांचीच राहो. पण ती लिहिताना 'दुबळा राजा' हे दोन शब्द कागदावर उतरण्यापूर्वी आपली लेखणी क्षणभर थबकावी, एवढीच अपेक्षा आहे.

(द्वितीय वर्ष, कला)